गेटवरची पाच मिनिटं

आजच्या माझ्या निवृत्तीच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, खास पाहुणे म्हणून आलेले गोदामाचे मोठे साहेब, ज्यांच्या दारात आमच्या निम्म्या गाड्या रोज उभ्या असतात, व्यासपीठावर कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेल्या आणि आमच्या फेऱ्या लावणाऱ्या ऑफिसच्या मॅडम, समोर बसलेली माझी धाकटी बहीण आणि मेहुणे, वर्कशॉपमधली मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सगळे ड्रायव्हर भाऊ. आणि त्या भावांमध्ये हाताची घडी घालून उभी असलेली माझी भाची. सर्वांना मनापासून नमस्कार.

माइक हातात देताना मॅडम हळूच म्हणाल्या, "मामा, पाच मिनिटं हं." मागे हसू नका. साहेबांना कळायचं नाही तुम्ही का हसताय. साहेब, त्याचं असं आहे. तुमच्या गेटवरच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो, पाच बोटं दाखवतो आणि आत जातो. म्हणजे पाच मिनिटं थांबा. मग आम्ही दाढी करतो, डबा खातो, घरी फोन करतो, टायर ठोकून बघतो, परत फोन करतो, तोवर घरी पोरं शाळेतून आलेली असतात, आणि ती पाच मिनिटं काही संपत नाहीत. मॅडम, मी तीच पाच मिनिटं घेणार आहे. चहा गार होईल त्याबद्दल आधीच माफी मागतो.

इथे मला सगळे मामा म्हणतात. भाची माझ्याबरोबर यायला लागली, तिचं ऐकून वर्कशॉपवाले म्हणायला लागले, आणि आता मालकसुद्धा म्हणतात. मला आवडतं. फक्त नोकरीभर मला मामा बनवलंत ते तेवढं आवडलं नाही, त्याच्याकडे येतोच.

आधी आभार. मला हे भिंतीवरचं घड्याळ दिलंत. सुंदर आहे, काटे सोनेरी आहेत, बहिणीने आत्ताच हातात घेऊन वजन बघितलं. गंमत एवढीच वाटते, की इतकी वर्षं या कंपनीने माझे किलोमीटर मोजले. वेळ कधी मोजला नाही. आता गाडी सुटली, तेव्हा घड्याळ मिळालं. असो, घरी लावीन.

आमच्या ड्रायव्हर मंडळींनीही मालकांना एक भेट दिली आहे. टेबलावर तो चंदेरी कागदात बांधलेला डबा आहे ना, तोच. मालकांनी घेताना हलवून बघितला आणि आत काहीतरी खुळखुळलं. मालक, तुम्ही म्हणालात घरी जाऊन उघडतो. घरी नको. इथेच उघडा, पण इतक्यात नाही. मी सांगतो तेव्हा.

आता साहेबांच्या भाषणाविषयी. साहेब, तुम्ही आमचं तोंडभरून कौतुक केलंत. ट्रक थांबला तर दुकानं रिकामी होतील, दवाखान्यात औषध पोचणार नाही, असं म्हणालात. अगदी बरोबर. पुढे म्हणालात की ड्रायव्हरांचा फार मोठा तुटवडा आहे, शोधून माणूस मिळत नाही, आणि म्हणून तरुणांनी या क्षेत्रात यावं, इथे मोठं भवितव्य आहे. तेव्हा मागच्या भिंतीकडून टाळ्या आल्या नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. मंडळी उद्धट नाहीत. ते विचार करत होते, की हे भवितव्य नक्की कुठल्या गेटवर मिळतं.

माझंच घ्या. मी ड्रायव्हर म्हणून लागलो. मग वरिष्ठ ड्रायव्हर झालो. वरिष्ठ झालो म्हणजे काय झालं? गाडी तीच, सीट तीच, रस्ते तेच, फक्त कंबर तेवढी वरिष्ठ झाली. आणि आजपासून मी माजी ड्रायव्हर. तीन पायऱ्या, संपला जिना. ऑफिसात शिपाई म्हणून लागलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत हिशेबनीस झाला, त्याचा मला आनंदच आहे. पण आमच्यातला एकही माणूस सीटवरून उठून आतल्या खुर्चीवर बसलेला मी पाहिला नाही. सीटवरून उठला तो एक तर म्हातारा होऊन, नाही तर माझ्या मेहुण्यांसारखा अधू होऊन.

पगाराचंही सांगतो, कारण साहेब म्हणाले की आजकाल ड्रायव्हर चांगलं कमावतात. कमावतात हो. चाक फिरतंय तोवर कमावतात. आमचा पगार किलोमीटरवर असतो. गाडी धावली की पैसा, गाडी उभी की शून्य. आता गाडी उभी कशामुळे राहते? आम्ही काय वाटेत पत्ते खेळायला उतरतो? गाडी उभी राहते ती गोदामाच्या गेटवर. सकाळी उजाडताना रांगेत लागायचं. पुढची गाडी एक गाडीभर सरकली की आपण एक गाडीभर सरकायचं. परत बंद. परत चालू. डोळा लागला तर मागचा पुढे घुसतो आणि तुमचा नंबर गेला. म्हणजे झोपता येत नाही, उतरून लांब जाता येत नाही, आणि लघवीला जायचं तरी शेजारच्याला हात जोडून सांगायचं, बाबा रे, जरा लक्ष ठेव. बहिणीसमोर असं बोललो, माफ करा, पण ज्याला हे माहीत नाही त्याला भवितव्य काय सांगणार?

आणि या सगळ्याला कंपनीच्या भाषेत एक गोड नाव आहे. आराम. गाडी गेटवर उभी असली की ड्रायव्हर आरामात आहे असं धरतात. मालक, हे तुमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय, तुम्ही काढलेलं नाही, हे मी भर सभेत कबूल करतो. पण तुम्ही ते मोडलंही नाहीत. या आरामाचे दोन फायदे. एक, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. आणि दुसरा त्याहून मोठा. कायद्याने एका माणसाने किती तास गाडी हाकायची याला मर्यादा आहे. पण दिवसभर रांगेत बसलेला माणूस आराम करून ताजातवाना झालेला असतो ना. मग संध्याकाळी माल भरला की त्याला सांगायला मोकळे, की आता रात्रभर चालव.

पंखा जरा कमी करा कोणीतरी, कागद उडतोय. नको, राहू दे. कागदावर फक्त आभार लिहिलेत, ते पाठ आहेत.

माझे मेहुणे समोर बसलेत. अहो मेहुणे, मान खाली घालू नका, आज मी तुमचं काढणारच. वर्कशॉपमधल्या नवीन पोरांना वाटतं, हे म्हणजे मामांचे पाहुणे, कुबडी घेऊन समारंभाला येतात. हे याच कंपनीत होते. माझ्याहून बरी गाडी चालवायचे. माझ्या बहिणीचं स्थळ मीच आणलं, ते यांची गाडी चालवण्याची पद्धत बघून. जो माणूस पाण्याचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवून घाट उतरतो, तो संसार नीट करील असं मला वाटलं, आणि ते खरं निघालं. एकदा असेच दिवसभर गेटवर बसले, संध्याकाळी माल भरला, फोन आला की आराम झालाच आहे, सकाळपर्यंत पोचा. निघाले. वाटेत डोळा लागला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. चौकशी झाली. निकाल काय, तर चालकाचा निष्काळजीपणा. आधीचा सगळा दिवस ते त्याच सीटवर बसून होते हे कोणी विचारलंच नाही, कारण तो दिवस आरामात धरला होता.

तेव्हापासून माझ्या बहिणीने घरात ट्रकचं नाव काढू दिलं नाही. मी आलो की चहा द्यायची आणि म्हणायची, दादा, कामाचं सोडून बोल. आणि त्याच घरातली पोरगी एक दिवस उठून म्हणाली, मला ट्रक चालवायचाय. बहिणीने आकांडतांडव केलं. दोन ड्रायव्हर बघितले, तिसरा नको, असं मला तोंडावर सांगितलं, जणू मीच फूस लावली होती. मी खरंच लावली नव्हती. मी तर भाचीला समजावायला गेलो होतो.

भाची तेव्हा चपलांच्या दुकानात काउंटरवर होती. मी तिला म्हटलं, बाई गं, या धंद्यात दिवसचे दिवस नुसतं बसून राहावं लागतं. त्यावर तिने मला जे सांगितलं ते मी आजपर्यंत विसरलो नाही. ती म्हणाली, "मामा, दुकानातही मी निम्मा दिवस नुसती उभी असते. पण गिऱ्हाईक आलं नाही म्हणून मालक माझा पगार कापत नाही." मी चहाचा कप खाली ठेवला. हयातभर ट्रक चालवला, पण हे माझ्या डोक्यात असं कधी आलं नव्हतं.

मग ती शिकली. शिकवलं कोणी? बापाने. आमच्या मागच्या मोकळ्या मैदानात, सुट्टीच्या दिवशी, वर्कशॉपच्या मेहेरबानीने मिळालेला जुना ट्रेलर घेऊन. ट्रेलर मागे घेताना स्टीअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं, आणि तिथेच भलेभले रडकुंडीला येतात. मेहुणे मागे उभे राहायचे. चुकली की कुबडी जमिनीवर आपटायचे. तोंडाने एक अक्षर नाही, नुसती कुबडी. शेवटी शेवटी कुबडी वाजेनाशी झाली, तेव्हा मी बहिणीला सांगितलं की झालं, आता ही थांबत नाही. तिने जड वाहनाचं लायसन पहिल्या फटक्यात काढलं.

आपल्याकडे एक रीत आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. नवीन ड्रायव्हर घ्यायचा तर त्याची एक फेरी जुन्या ड्रायव्हरबरोबर होते. नवीन माणूस चालवतो, जुना शेजारच्या सीटवर बसतो. शेजारच्याने स्टीअरिंगला हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. नंतर येऊन सांगायचं, माणूस चालेल की नाही. माझी गाडी म्हणजे नऊ नंबर. मी निवृत्त होणार म्हणून ती रिकामी होणार होती, आणि मालकांनी मोठ्या मनाने भाचीची चाचणी माझ्याच गाडीवर ठेवली. त्याबद्दल मी खरोखर आभारी आहे. तिथे मला बोलायची परवानगी नव्हती, म्हणून आज बोलून घेतोय.

आणखी एक नियम सांगतो, तो मात्र नीट लक्षात ठेवा. मोठ्या गोदामात गाडी मालाच्या दाराला लावली, की आधी चावी काढायची आणि गेटच्या खिडकीत नेऊन जमा करायची. कारण माल उचलणारा फोर्कलिफ्ट मागून गाडीच्या आत-बाहेर करत असतो. ड्रायव्हरला वाटलं झालं काम आणि त्याने गाडी पुढे घेतली, तर फोर्कलिफ्ट माणसासकट खाली. असं झालेलं आहे, म्हणून नियम आला. काम पुरं झाल्याशिवाय खिडकीतून चावी परत मिळत नाही. साहेब, तुमच्या गोदामातला हा एकच नियम असा आहे की त्याला मी मनापासून हात जोडतो.

तर चाचणीच्या दिवशी आम्ही उजाडताना साहेबांच्या गेटवर रांगेत लागलो. खिडकीतून पाच बोटं आली. ऊन चढलं, ऊन उतरलं. भाची सीटवरून हलली नाही, गाडी गाडीभर पुढे सरकवत राहिली. मी शेजारी नियमाप्रमाणे तोंड बंद करून. दिवे लागायच्या सुमाराला आमची गाडी दाराला लागली. तिने मागे अशी घेतली की आतल्या माणसाने दार आणि गाडी जोडणारी फळी टाकायच्या आधी वाकून फट बघितली आणि परत तिच्याकडे बघितलं. चावी खिडकीत दिली. माल भरला. आणि मॅडमचा फोन आला. मॅडम, तुम्ही मान हलवू नका, तुमचा दोष नाही, तुम्हाला वरून जे सांगतात तेच तुम्ही आम्हाला सांगता. सकाळपर्यंत पोचायचं, दिवसभर आराम झालाच आहे.

खिडकीतल्या माणसाने चावी पुढे केली. भाचीने हात पुढे केलाच नाही. ती त्याला म्हणाली, "राहू दे तुमच्याकडे. मी सकाळपासून काम करतेय, मी दमलेय. दमलेल्या माणसाच्या हातात चावी देऊ नका."

आणि ती गाडीत चढली, सीटमागच्या फळीवर आडवी झाली, पडदा ओढला आणि झोपली.

आता गाडी गोदामाच्या ऐन दारात. मागे रांग. हॉर्न सुरू झाले. मी खाली उतरून मागच्या एकाला सांगितलं काय झालंय ते, त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं, आणि हॉर्न एकेक करून बंद झाले. ते ड्रायव्हर आमच्या कंपनीचेही नव्हते. गोदामात माणसं पुष्कळ, संगणक पुष्कळ, पण ती गाडी तिथून हलवू शकेल असा एक माणूस नाही. शेवटी साहेब स्वतः घरून आले. साहेब, तुम्ही रागात होतात, पण माझ्याशी सभ्यपणे बोललात, हे मी इथे मुद्दाम सांगतो. तुम्ही म्हणालात, तुम्ही सिनियर आहात, घ्या चावी आणि काढा गाडी. मी म्हटलं, साहेब, मीही सकाळपासून तिच्या शेजारी बसलोय, मीही दमलोय. शिवाय शेजारच्या सीटवरच्याने गाडीला हात लावायचा नाही असा आमच्या कंपनीचा नियम आहे. नियम मोडायला मला कसं सांगता?

पहाटे ती उठली. नळावर तोंड धुतलं, खिडकीत जाऊन चावी मागून घेतली, त्या माणसाला धन्यवाद म्हणाली आणि माल पोचवला. एक खोकं फुटलं नाही, एक ओरखडा नाही.

वाटेत मला बहिणीचा फोन आला. बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. दादा, काय केलं पोरीने, म्हणून विचारत होती. मी सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "झोपली ना ती नीट?"

मी म्हटलं, झोपली.

"मग तिला सांग, दुकानात परत जायचं नाही."

बाई, डोळे पुसू नकोस, अजून माझं संपलेलं नाही.

इकडे कंपनीत मी येऊन सांगितलं की माणूस चालेल. चालेल कसला, धावेल. पण मालकांनी मला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, मामा, पोरगी चालवते चांगली, पण तिला वळण नाही. मालक, तुमचा मान राखून सांगतो. जी पोरगी अंधारात तो लांबलचक ट्रेलर उलटा घेऊन वीतभर फटीत लावते, तिला वळण नाही? तिला उलट बोलायचं नव्हतं. तिला जिवंत घरी यायचं होतं, आणि वाटेत दुसऱ्या कोणाला मारायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट तिच्या बापाच्या वेळी कोणी केली असती, तर आज ते माझ्या आधी या खुर्चीवर सत्कार घेऊन गेले असते.

ती माझीही शेवटची फेरी ठरली, त्या दिवसापासून नऊ नंबर अंगणात उभी आहे. अनुभवी ड्रायव्हर मिळाला की देणार आहेत. बाहेर फाटकावर पाटी लटकतेय, अनुभवी चालक पाहिजेत. उन्हाने त्या पाटीचा रंग उडाला, पण अनुभवी चालक काही आला नाही. आणि जिला चालवता येते ती भिंतीला टेकून उभी आहे.

आत्ता मालकांनी त्यांच्या भाषणात एक गोड बातमी दिली, की मामांना आम्ही सोडणार नाही, नव्या मुलांना शिकवायला प्रशिक्षक म्हणून ठेवून घेणार. खुर्ची, टेबल, पंखा. टाळ्या झाल्या. मालक, मी तुमचा ऋणी आहे, पण मी येणार नाही. मी शिकवू काय? स्टीअरिंग शिकवायला मेहुण्यांची कुबडी माझ्याहून चांगली आहे. आणि मूग गिळून गप्प कसं बसायचं हे मला येतं, मी आयुष्यभर तेच केलं, पण ते मी आता कोणाच्या पोरांना शिकवणार नाही. मला तुमच्याकडून ती खुर्ची नको. मला एवढंच पाहिजे, की गाडी गेटवर लागल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंतचा वेळ कामात धरा. त्याचा पगार द्या. आणि त्या वेळेला आराम म्हणू नका. ही एक गोष्ट केलीत तर साहेबांना तरुणांपुढे भाषणं करावी लागणार नाहीत, ते आपणहून येतील. आणि दुसरं, नऊ नंबर ज्या हातांची आहे त्या हातात द्या.

आता मालक, तो डबा उघडा.

कागद फाडा हो, जपून काढून काय करणार. बघा. साहेब, तुम्हीही जरा वाकून बघा, तुम्हाला ओळखीच्या वाटतील. या अंगणात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या चाव्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, भाषणांनंतर चहा आणि चहानंतर गाड्या सुटतील. गाड्या माल भरून तयार आहेत. पण नियम नियम आहे. काम पुरं होईपर्यंत चावी जमा. साहेबांच्या गोदामात आम्ही रोज खिडकीत जमा करतो, आज टेबलावर केली.

मालक, तुम्ही मॅडमकडे बघताय. दुसऱ्या चाव्यांचा जुडगा ऑफिसच्या कपाटात आहे, मला ठाऊक आहे. घ्या, खुशाल घ्या. चाव्यांची काही कमी नाही. पण चालवणार कोण? साहेबांनी आत्ताच सांगितलं, ड्रायव्हर शोधून मिळत नाहीत.

आम्ही संप केलेला नाही. कोणी घोषणा देणार नाही, कोणाला अडवणार नाही, कशाची काच फोडणार नाही. आम्ही इथेच आहोत, याच खुर्च्यांवर. मागची मंडळी, आता बसून घ्या, पाय दुखतील. आम्ही फक्त थांबलोय. आणि थांबलेला ड्रायव्हर आराम करत असतो, त्याने कंपनीचं एका पैशाचं नुकसान होत नाही, हे आजवर तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ते खरं असेल तर तुम्हाला काळजीचं काहीच कारण नाही. सावकाश विचार करा. ते घड्याळ मी इथे तुमच्यासमोर ठेवतो, म्हणजे किती वेळ झाला ते आपल्याला मोजता येईल.

डब्यात अगदी तळाशी लाल दोरीची चावी आहे. ती नऊ नंबरची. निवृत्त होणाऱ्याने चावी मालकांच्या हाती द्यायची आणि मालकांनी पुढच्या माणसाला बोलावून द्यायची, ही आपली पद्धत मी मोडलेली नाही. माझी चावी तुमच्या हातात आली. आता बोलवायचं तुम्ही. ती लांब नाही, तिथे मागे उभीच आहे.

मॅडमनी मला वेळ दिला, साहेब एवढ्या लांबून आले, मंडळींनी उकाड्यात ऐकून घेतलं, सर्वांचा मी आभारी आहे. मी शिकलेला माणूस नाही, व्यासपीठावर कधी बोललो नाही, तेव्हा बोलण्याच्या ओघात मोठ्यांचा मान राखायचा कुठे राहून गेला असेल तर तो माझा अडाणीपणा समजून पोटात घाला. जे बोललो त्याची मात्र माफी मागत नाही. मी खाली बसतो आणि चहा घेतो.

मालक, घाई अजिबात नाही. पाच मिनिटं.